शेवळाचं पान

उमरीपाडा, खांडबाऱ्याजवळ
९ जून २०२४

दीपमाला पोरी,

तू पुण्याला पोचलीस हे तुझ्या आईनं सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडून सांगितलं, कारण माझ्या उजव्या कानाची गिरणी पार बंद पडलीय आणि डाव्याचाही पट्टा मधून मधून सुटतो. फोनवर तू बोलतेस तेव्हा मला चिवचिवाट तेवढा ऐकू येतो. म्हणून हा कागद. शिवाय फोनला पान चिकटवता येत नाही. सोबत दोन पानं आहेत, आठवडाभर ज्वारीच्या पोत्याखाली दाबलेली. एक कोणाचं ते तू ओळख. दुसरं मलाही ओळखता आलेलं नाही.

तू गेलीस आणि घरात गडबड उडाली. माझ्या नातीचं, सोनमचं जमलं! जी परवापर्यंत गिरणीतल्या पिठात बोटानं कोंबड्या काढायची, तिचं. मुलगा जांभूळपाड्याचा दिग्विजय. खांडबाऱ्याला मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं, आम्ही म्हाताऱ्यांनी मागाहून ‘स्थळ शोधलं’. मुलाला आईवडील नाहीत, आजीनं वाढवला. मंगळीबाई नाव तिचं. बाई म्हणजे बाभळीचं लाकूड, पण धग चांगली देते.

बसल्या बसल्या मला व्याही ठरवून तिनं पहिला प्रश्न टाकला, “याही, तुमचं देवक कोणतं?” तुला माहीत आहे, देवक एक निघालं की मुलगा-मुलगी भाऊबहीण, मग पुढे चहासुद्धा होत नाही. मी म्हणालो, “शेवळ.” ती म्हणाली, “आमचं लोत.” दोघांनी एकदम श्वास सोडला. मग ती म्हणते, “आम्ही शेवळ खातो हं, राग मानू नका.” मी म्हणालो, “आम्ही लोत खातो, तुम्हीही मानू नका.” हसलो आणि गूळ वाटला.

मी झाडांची जी घरं पाडतो त्यांची तू नेहमी थट्टा करतेस. चिकटणारी, खाजवणारी, काटेरी, वगैरे. पण बघ, तीच कामाला आली. शेवळ माझ्या ‘नुसतं फूल, पान नाही’ या घरातलं. पावसाआधी जमिनीतून थेट फूल येतं. लोत ‘नुसतं पान, फूल नाही’ या घरातलं. पावसात ठिपक्याठिपक्यांचा दांडा आणि वर छत्री. एक उत्तरेला, एक दक्षिणेला. सोयरीक करायला याहून लांबचं काय पाहिजे?

तू तुमच्या चिंचपाड्याच्या नाल्यावरून शेवळाचा कांदा फुलासकट उकरून पिशवीत घातलास, तेव्हा मी तोंड फिरवून उभा राहिलो ते विसरू नको. तुझी आजी, माझी बहीण, दुसऱ्या कुळात गेली म्हणून तुम्हाला चालतं. आमच्यात ते खायचं नाही, तोडायचं नाही आणि उकरायचं तर नावच नको.

दोन घास जास्त खात जा.
तुझा आजा, सुकलाल


पुणे
२१ जून २०२४

माझ्या आजा,

सोनमच्या बातमीनं मी वसतिगृहाच्या जिन्यात नाचले. मावशी म्हणाल्या, “पास झालीस का?” मी म्हटलं, “त्याहून मोठं!” सोनमला सांग, लग्नात माझ्या चपला कोणी लपवल्या तर मी तिच्या नवऱ्याची मोटारसायकल लपवीन.

तुझं पहिलं पान मोईचं. दुसरं मलाही ओळखता आलं नाही, आमच्या वनस्पतीशास्त्राच्या सरांनाही नाही. फूल असतं तर सांगता आलं असतं, असं म्हणाले. पानावरून ओळखणं म्हणजे पाठमोऱ्या माणसाला हाक मारणं, हा त्यांचा आवडता टोमणा आहे.

शेवळाचा कांदा मी कुंडीत लावला, गच्चीवर. फुलाचा असा काही वास सुटला की मेलेली घूस शोधायला दोन मुली काठ्या घेऊन वर गेल्या. आता फूल वाळून पडलंय. तरी कुंडी मी टाकत नाही. मला हर्बेरियमसाठी, म्हणजे दाबलेल्या झाडांच्या संग्रहासाठी, एकाच झाडाचं फूल आणि पान दोन्ही पाहिजे. शेवळाला पानच नाही असं तू म्हणतोस, पण पानाशिवाय कांदा पोसतो कशावर? हिरवं काहीतरी कधीतरी आलंच पाहिजे. बघू.

लोत मी कधी नीट बघितलेलंच नाही. पाठवशील का एक दाबून?

तुझी पानचोर,
दीपमाला


उमरीपाडा
१० जुलै २०२४

पोरी,

हे घे लोत. दांड्याचा तुकडा आणि छत्रीची एक फांदी. दांडा रसाळ, दाबताना पोत्याला डाग पडला आणि सोनमच्या आईनं मला ऐकवलं. पाकीट टाकायला खांडबाऱ्याला गेलो, तर पोस्टातला ईश्वर पाकीट दाबून दाबून बघतो, “बाबा, हाई काय शे पाकिटमा? पोरीले भाजी धाडी ऱ्हायनात का?” मी म्हटलं, हो, तुला नाही मिळणार.

भाजीवरून आठवलं. परवा यंदाचं पहिलं लोत खाल्लं. बांधावर टेकाडाच्या पायथ्याशी येतं ना, तेच. सुकवून ठेवलेली काकडं, तीच आंबटढोण रानफळं, घातली खाज मारायला, वर लसूण. दीपमाला, मला राजाचं ताट दिलं तरी मी त्यातून लोत कुठंय ते विचारीन. तुझी आजी आणि मी लहानपणी कढईच्या बुडाला लागलेल्या खरपुडीसाठी भांडायचो. जिंकायची तीच.

लग्न वैशाखात ठरलंय. सोनम दिवसभर गुणगुणते. ते मात्र मला ऐकू येतं बरं का.

आता तुझ्या कांद्याचं लिही. आलं का काही?

आजा


पुणे
२९ जुलै २०२४

आजा,

पाकीट मिळालं. लोत छान दाबलंयस.

परीक्षेची धावपळ आहे म्हणून थोडक्यात लिहिते. कुंडीचं काही खास नाही. वैशाखाला अजून खूप वेळ आहे ना? लग्नाच्या तयारीची इतकी घाई करू नका, एवढंच वाटलं.

तब्येतीला जप.
दीपमाला


उमरीपाडा
११ ऑगस्ट २०२४

दीपमाला बाळा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एवढंसं पत्र वाचायला वेळ लागत नाही, पण त्यात तू कुठे दिसेना म्हणून शोधत होतो. ना टोमणा, ना सरांची नक्कल. शेंगा फोडाव्या आणि आत दाणाच नसावा, तसं झालं.

मग मी म्हाताऱ्याच्या डोक्यानं विचार केला. सोनम तुझ्याहून लहान. तिचं लग्न ठरलं, आणि नातेवाईक तुझ्या आईला विचारत असतील, “थोरलीचं काय?” त्यानं तुझं मन दुखावलं असेल. पोरी, मोहाला फूल फाल्गुनात आणि सागाला पावसात. सागाला कोणी विचारतं का, तू मागे का राहिलास म्हणून? तुला शिकायचंय, तू शीक. तुझ्या आईला कोणी बोललं तर माझं नाव सांग. मी ऐकू येत नसल्याचं सोंग करून त्यांच्याशी दोन तास बोलीन.

आणि दुसरं काही असेल तर तेही लिही. तुझ्या आजीच्या भावाला काहीही लिहिलेलं चालतं.

तुझाच आजा


पुणे
१९ ऑगस्ट २०२४

आजा,

तुझं सागाचं वाक्य वाचून मी हसले आणि मग रडले. मला लग्नाचं काही दुःख नाही. त्याहून वाईट आहे. लिहू नये असं ठरवलं होतं, पण तू इतक्या मायेनं विचारतोस, तर तुझ्यापासून लपवणं मला जमत नाही.

जुलैच्या सुरुवातीला कुंडीतून एक कोंब आला. शेवळाच्या त्याच कांद्यातून, दुसरं काही त्या मातीत नव्हतं, ती मी स्वतः चाळून भरली होती. कोंब वाढला, दांड्यावर ठिपके आले, वर छत्री उघडली. त्यानंतर तुझं पाकीट आलं. मी तुझं दाबलेलं लोत कुंडीजवळ धरलं आणि गच्चीवरच खाली बसले.

आजा, लोत म्हणजे शेवळाचं पान आहे. दोन झाडं नाहीतच. फूल पावसाआधी येऊन जातं, मग काही दिवस जमिनीवर काहीच नसतं, आणि मग पान येतं. फूल आणि पान एकमेकांचं तोंड बघत नाहीत, म्हणून बघणाऱ्याला दोन वाटतात. कांदा उकरला असता तर कुणालाही कळलं असतं. पण तुम्ही दोन्ही घरं तेवढंच करत नाही.

मला वाटलं, गप्प राहिलं तर कोणाला कळणार? आता तुला कळलं. तू म्हणशील तसं. तू गप्प राहा म्हणालास तर मी कुंडी रिकामी करून धुऊन टाकीन.

दीपमाला


उमरीपाडा
२९ सप्टेंबर २०२४

दीपमाला,

उशीर केला. रागावलो नव्हतो. माझ्यात लिहायचं बळ नव्हतं.

तुझं पत्र वाचून आधी बांधावर गेलो. टेकाडाच्या पायथ्याशी, जिथे दर ज्येष्ठात मी शेवळाला हात जोडतो, तिथेच लोत उभं. जन्मभर बघतोय! पण फूल मावळल्यावर त्याची जागा कोण ध्यानात ठेवतो? मी दोन घरं बांधली आणि एकाच माणसाला दोन्हीकडे पाहुणा केला.

तू कुंडी धुऊ नको. गप्प राहायचं माझ्याही मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण मग डोळ्यासमोर आलं, सोनम त्या घरात नांदतेय, दोन लेकरं आहेत, आणि कोणीतरी पावसात बांध खणताना कांदा वर काढतो. त्या दिवशी बोट कोणाकडे जाईल? दिग्विजयकडे नाही जाणार. माहीत असून कोणी बोललं नाही म्हणून सगळं तिच्या पदरात टाकतील. त्यापेक्षा आत्ताच, माझ्या तोंडानं.

म्हणून सोनमला सांगितलं. तिनं भाकरीचं पीठ तसंच टाकलं. “आजा, झाडाला कळतं का कोण कोणाशी लग्न करतंय ते?” मी म्हणालो, झाडाला नसेल, माणसांना कळतं. तर म्हणाली, “दीपमालाला म्हणावं, कुंडीत मिरची लाव!” मग दाराआड जाऊन रडली. दिग्विजय रोज संध्याकाळी येऊन अंगणात बसतो, ती पाणी देते आणि आत जाते. दोघांची तोंडं बघवत नाहीत.

मंगळीबाईला अजून कळलेलं नाही. कापणी झाली की मी जाणार. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून तुला विचारतो. तुझ्या शास्त्रात या झाडाचं जे काही असेल ते सगळं लिही. मला सोयीचं तेवढं नको, सगळं. शेवळ आणि लोत एक, हे मान्य. पण एक झाड म्हणजे एक घर का गं?

आजा


पुणे
९ ऑक्टोबर २०२४

आजा,

तुझा शेवटचा प्रश्न मी सरांना विचारला. कशासाठी ते नाही सांगितलं. ते चष्मा काढून म्हणाले, “प्रश्न कोणाचा?” मी म्हटलं, माझ्या आजाचा, गिरणीवाल्याचा. म्हणाले, “चांगला आहे.”

तर ऐक. शेवळ, सुरण, अळू हे सगळे एकमेकांचे भाऊबंद, एका मोठ्या कुळातले. म्हणून सगळे खाजतात. त्यांच्या अंगात सुयांसारखे बारीक खडे असतात, आंबट घातलं की खाज कमी होते.

आता शेवळाचं. ज्याला आपण एक फूल म्हणतो त्याच्या आत दांड्यावर शेकडो बारीक फुलं असतात. खाली मादी, वर नर. एकाच दांड्यावर, हाताच्या अंतरावर. पण आजा, ती एकाच वेळी जागी नसतात. आधी मादी फुलं उमलतात. वासानं किडे येतात, दुसऱ्या शेवळाचा पराग अंगावर घेऊन. मादी फुलांचं काम झालं, ती मिटली, की मग वरची नर फुलं पराग सोडतात. तेव्हा खाली घ्यायला कोणी नसतं. किडे तो पराग घेऊन तिसऱ्याच शेवळाकडे जातात.

म्हणजे हे झाड स्वतःशी सोयरीक करत नाही. जात तीच पाहिजे, पण कांदा दुसरा पाहिजे. शेजारच्या टेकाडावरचा, नाल्यापलीकडचा.

यातून लग्नाचं काय ते मला सांगता येणार नाही. शास्त्रात देवक नाही. जे झाडाचं खरं आहे ते मी लिहिलं, सोयीचं-गैरसोयीचं दोन्ही.

सोनमला सांग, मिरची लावली आहे. शेजारच्या कुंडीत.

दीपमाला


उमरीपाडा
१७ नोव्हेंबर २०२४

दीपमाला पोरी,

आता नीट बसून ऐक, म्हणजे वाच.

काल जांभूळपाड्याला गेलो. दिग्विजयनंच मोटारसायकलवर नेलं. वाटेत तो काही बोलत होता, मला वारा तेवढा ऐकू आला. मंगळीबाई ओट्यावर नागली पाखडत होती. ती आपल्या बोलीत बोलते, मी तुला कागदी मराठीत लिहितो, तेवढा खारटपणा कमी धर.

मी चहा घेतला नाही. म्हणालो, “आधी ऐका, मग चहा द्यायचा की नाही ते ठरवा.” आणि तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली. कांद्याचं, कोंबाचं, पाकिटातल्या लोताचं. बाईचं सूप थांबलं. दिग्विजय खांबाला टेकून जमिनीकडे बघत उभा.

सूप मांडीवर घेऊनच ती माझ्या डाव्या कानाशी सरकली. मग ती म्हणाली, “याही, म्हणजे आम्ही पावसाच्या तोंडावर काय खात होतो?”

“आमचा देव,” मी म्हणालो.

“तुमचा कशाला, आमचाही. आणि तुम्ही पावसात काय खात होता?”

“तुमचा देव.”

“आणि तुमचाही!”

दीपमाला, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! वाडवडिलांपासून आम्ही फुलाला हात जोडले आणि पान कढईत घातलं. त्यांनी पानाला हात जोडले आणि फूल कढईत घातलं. आणि ही बाई काय करते? तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. ती हसत होती! सूप बाजूला ठेवून, तोंडाला पदर लावून, ठसका लागेपर्यंत. “अहो, घसा खाजायचा तो उगाच का? देव आतून ओरबाडत होता! आणि आपण वरून काकडं टाकून त्याचंच तोंड बंद करत होतो!”

मग मीही हसलो. दिग्विजय आमच्याकडे असा बघत होता की दोघं म्हातारे एकदमच गेले कामातून.

हसू ओसरल्यावर ती गंभीर झाली. “पण देवक एक म्हणजे भाऊबहीण. हे मला सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. ते मी मोडणार नाही.” दिग्विजय खांब सोडून गोठ्याकडे निघाला. तर तिनं त्याला हाक मारली, “थांब रे! म्हातारा वाचून दमला, तू वाच. ते नर-मादी फुलांचं परत वाच.”

बिचाऱ्यानं वाचलं. लाजून कान लाल. आजीसमोर, होणाऱ्या आजेसासऱ्यासमोर! तिनं शेवटची ओळ दोनदा वाचायला लावली. जात तीच, पण कांदा दुसरा. मग तिनं मला विचारलं, “तुमचे म्हातारे कुठून आले?” आम्ही दोघं बसून आपापल्या घराची नावं मोजत मागे गेलो, जेवढी आठवतात तेवढी. तिच्या सासरचे गुजरातकडच्या डोंगरातून उतरलेले, आपले इथलेच, टेकाडाखालचे. कुठेही गाठ पडली नाही.

“मग कांदा वेगळा,” ती म्हणाली. “देव स्वतः दुसऱ्या टेकाडावर सोयरीक करतो. त्याला जे चालतं ते मला न चालायला मी कोण मोठी? पण माझ्या एकटीचं चालणार नाही. म्हातारे बसवते.”

आज सकाळी निरोप आला. म्हातारे बसले, त्यांनीही आधी हसून घेतलं, मग भांडले, मग हो म्हणाले. एक अट आहे. यापुढे दोन्ही घरांनी फूल खायचं नाही आणि पानही खायचं नाही. दोघांनी मिळून पुरं झाड राखायचं. मंगळीबाईचा निरोप असा, “याहींना सांगा, मी शेवळ सोडते, तुम्ही लोत सोडा. सूनबाईसाठी एवढं होतं का बघा.”

मला क्षणभर कढई आठवली. मग हो म्हणालो. सोनमनं माझ्या गळ्यात हात टाकले. तिच्या हाताला पीठ होतं, माझ्या सदऱ्याला लागलं, मी झटकलं नाही.

कुंडी सांभाळ. लग्नाला तीच घेऊन ये.

आजा


पुणे
२५ नोव्हेंबर २०२४

आजा,

वसतिगृहाच्या जिन्यात परत नाचले. मावशींनी विचारणं सोडून दिलंय.

कुंडीतलं पान पिवळं पडून गेलं. कांदा आत झोपलाय, पाणी बंद केलंय. वैशाखात आणीन तेव्हा वर काहीच दिसणार नाही, ना फूल ना पान. चालेल का?

आणि हो, तुझी ती दोन घरं मोडू नको. मध्ये एक दार काढ, बस.

दीपमाला


उमरीपाडा
१५ जून २०२५

दीपमाला बाळा,

लग्नाचा थकवा आता उतरला. सोनम कालच येऊन गेली. सासू नाही म्हणून आजेसासू दोघींचं काम करते म्हणे, रागवायचंही आणि लाड करायचंही. दिग्विजयनं दुकानात मागे एक कपाट ठेवलंय, त्यात ती सुटे भाग लावते. कसे लावलेत विचारलं, तर म्हणाली, “तुझ्यासारखे आजा. चिकटणारे एकीकडे, टोचणारे एकीकडे.”

मांडवातलं तुझं ध्यान अजून आठवतं. छातीशी कुंडी, आणि कुंडीत नुसती माती. चिंचपाड्याची मंडळी विचारत होती, “देवक कुठंय?” आणि मंगळीबाईनं सगळ्यांना गप्प केलं, “झोपलंय. उठवू नका.” दोन्ही घरांनी त्या मातीला हळद वाहिली. मी आजवर फुलाला हात जोडले होते. जे दिसत नाही त्याला पहिल्यांदाच जोडले.

ती कुंडी आता दोन्ही गावांच्या मध्ये, नाल्याकाठी, मातीत उतरवलीय. गेल्या आठवड्यात तिथे फूल आलं. मंगळीबाई आणि मी, दोघंही वास घेऊन नाक धरून उभे. ती म्हणाली, “याही, देव आहे खरा, पण आंघोळ करत नाही.” आता फूल गेलं. जागा या वेळी मी दगड ठेवून ध्यानात ठेवलीय. पानाची वाट बघतोय.

या पाकिटात पान नाही. ईश्वरनं हुंगून विचारलंच, या खेपेला काय म्हणून. सुकलेली काकडं आहेत, मी गेल्या वर्षी साठवलेली. मला आता लागणार नाहीत. तुमच्या कुळात सगळं चालतं. जुलैत घरी येशील तेव्हा चिंचपाड्याच्या नाल्यावरचं लोत आण, आमच्या बांधाकडचं नको, आणि ही काकडं घालून कर. लसूण शेवटी टाक. बुडाला थोडं लागू दे, ती खरपुडी तुझ्या आजीच्या नावानं खा.

आणि मग चव कशी होती ते मला सविस्तर लिही. घसा खाजला तर तेही लिही.

तुझा आजा, सुकलाल